फ्रिजपुढचा पाट

दवाखान्यात हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "काका, दिवसभर बोलतच असता, तर तेच लिहून द्या. नवीन पेशंट येतात, घाबरलेले असतात. यातून कुणीतरी पार पडलंय हे वाचून त्यांना बरं वाटेल."

म्हणून लिहायला बसलो. दोनदा लिहिलं आणि फाडलं, कारण दोन्ही वेळेला मी फार शहाणा दिसत होतो. ही तिसरी खेप. यात मी जसा आहे तसा आहे. वाचणाऱ्याला धीर द्यायचा म्हणून हे लिहितोय खरं, पण माझ्याकडे शिल्लक असलेला धीर थोडाच आहे. तेवढा देतो. बाकी जे घडलं ते सांगतो.

आमचं घर पालीत, राजगडाच्या पायथ्याला. दोन भाताची खाचरं, एक गाय, आणि गडावर जाणाऱ्या मंडळींना ओट्यावर जेवू घालायचं, असा आमचा संसार. जेवण करायची माझी बायको, सुमन. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, ताक. तिची भाकरी एवढी पातळ, की ट्रेकवाली पोरं मोबाईलवर तिचे फोटो काढायची आणि मग खायची. माझं काम बोलायचं. लोक तिच्या भाकरीसाठी यायचे आणि भाकरी तव्यावर असेपर्यंत मला ऐकून घ्यायचे.

माझ्या गोष्टी सगळ्या माझ्याच फजितीच्या. लग्नाला म्हणून नसरापूरला गेलो आणि भलत्याच मांडवात जेवून, आहेर करून आलो, ती एक. गडाची जवळची वाट दाखवतो म्हणून शहरातल्या वीस माणसांना दोन तास चालवलं आणि आमच्याच गोठ्यामागं आणून सोडलं, ती दुसरी. पण सगळ्यात जास्त मागणी असायची ती म्हशीच्या गोष्टीला.

म्हैस

म्हैस म्हणजे आमचा फ्रिज.

तो आणला तेव्हा त्याच्या प्लगला तीन पिना होत्या आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या बोर्डाला दोनच भोकं. मी करवत आणली आणि वरची जाड पिन कापून टाकली. ती पिन उगाच असते, असं माझं मत होतं. वायरमनला विचारावं असं काही वाटलं नाही. स्वतःचं मत असल्यावर विचारायचं कशाला?

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात फ्रिजला हात लावला की बोटांना मुंग्या यायला लागल्या. तिसऱ्या पावसाळ्यात मुंग्या कोपरापर्यंत चढल्या. एकदा सुमनच्या हातातून दुधाचं पातेलं उडालं. तेव्हा मी पलीकडच्या वाडीतल्या बाळूला बोलावलं. बाळू वायरमन. त्यानं टेस्टर लावला, तो फ्रिजच्या दारावरच पेटला.

"आण्णा, तुमच्या घराला अर्थिंगच न्हाई. आन ही पिन कुणी कापली?"

"उंदरानं," मी म्हणालो.

"उंदराला सांगा, परसात छातीइतका खड्डा घ्यायचा. मग मला हाक मारा. पाईप टाकू, मीठ-कोळसा भरू, वायर आत घेऊ. फ्रिजची आतली वायर बी बगावी लागंल. तवर प्लग काढून ठिवा."

मी खड्डा घ्यायला घेतला. गुडघ्याइतका झाला आणि खाली कातळ लागला. माझी कंबर धरली. चार दिवस खड्डा तसाच पडलेला बघून सुमननं त्यात केळीचा कोंब लावला. बाळू वाटेत भेटला की विचारायचा, आणि मी सांगायचो, "अरे, खड्ड्यात केळ लावलीय. लेकुरवाळी झालीय आता, तिला काढू कशी?" तो हसायचा आणि जायचा. असं किती वर्षं चाललं ते सांगायची लाज वाटते. त्या केळीच्या पानांवर मी शेकडो माणसांना जेवू घातलंय.

प्लग काढून ठेवणं जमत नव्हतं, कारण ताक आणि दूध फ्रिजमध्ये. रबरी चप्पल घालून फ्रिज उघडला असता तर चाललं असतं, पण चूल आणि देव एकाच खोलीत, तिथं चप्पल कशी चालेल? मग मी डोकं चालवलं. सुमनच्या माहेरचा एक मोठा सागवानी पाट होता. तो फ्रिजपुढं टाकला. पाटावर उभं राहायचं, हात पदराला कोरडे करायचे, मग दार उघडायचं. जमिनीशी पायाचा संबंध नाही, म्हणून झटका नाही. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. घरात येणारा प्रत्येक जण, पावणा असो की शेजारीण, आपोआप पाटावर चढायला शिकला.

मग त्याची गोष्ट झाली. लाथ मारणाऱ्या म्हशीला आपण लाथाळ म्हणतो, तशी आमची ही पांढरी म्हैस लाथाळ, पण ताक गार देते. मी ओट्यावर ही गोष्ट रंगवायचो आणि शेवटी आत हाक मारायचो, "सुमे, म्हशीखाली बस गं." सुमन पाटावर उभी राहून फ्रिज उघडायची आणि आतूनच ओरडायची, "आई गं, लाथ मारली वो." ओटा हसून लोळायचा. तिचं हे वाक्य मीच ठरवून दिलं होतं. आधी ती लाजायची. "मी काय तमाशात हाय व्हय?" म्हणायची. पुढं तिलाही मजा यायला लागली. बाहेर ताक घेऊन यायची तेव्हा तोंडाला पदर लावून हसत असायची.

आमची लेक माधुरी, उत्रोलीला दिलीय. दिवाळीला आली तेव्हा तिला एक झटका बसला. तिची तीन वर्षांची मुलगी त्याच स्वयंपाकघरात पळत-खेळत होती.

"आण्णा, कवा करणार हाय तुमी ह्याचं?"

"उद्या."

"तुमचा उद्या मी साळंत असल्यापास्नं ऐकतीय."

ती गेली. उद्या आला आणि गेला.

गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार होता. सुमन महालक्ष्मीचे गुरुवार करते. घट मांडायला घरात चांगला पाट एकच. तिनं तो पहाटे धुतला, पुसला, त्यावर तांदूळ मांडून घट ठेवला. आणि मला बजावलं.

"अवो, आज पाट देवीखाली हाय. म्हशीकडं कुणी जायाचं न्हाई. ताक म्या सकाळच्यालाच काढून ठिवलंय, ओट्यावरच्या कळशीत."

म्हणजे बघा, तिनं सगळी व्यवस्था केली होती.

दुपारी अकरा जण गडावरून उतरले. भुकेलेले, घामाघूम. सुमनचा उपास, पण ती भाकऱ्या थापत होती. मी ओट्यावर गोष्ट सुरू केली. गोष्ट सांगता सांगता मी कळशीतलं ताक सढळ हातानं वाढत होतो. गोष्ट शेवटाला आली तेव्हा कळशी रिकामी झाली. आणि माझी हाक तर तोंडात तयार.

"सुमे, म्हशीखाली बस गं. पावण्यांना ताक पायजेल."

आतून आवाज आला, "आज पाट न्हाई, म्हणलं न्हवं का."

अकरा तोंडं माझ्याकडं बघत होती. गोष्टीचा शेवट राहिला होता. मी म्हणालो, "आगं, येवढ्यानं काय हुतंय? पटदिशी काढ."

स्वयंपाकघर तिनं नुकतंच पुसून घेतलं होतं. फरशी ओली. हात पिठाच्या पाण्यानं ओले. ती गेली. का गेली? नवऱ्याचा शब्द चारचौघांत खाली पडू नये म्हणून गेली.

"आई गं," आतून आलं.

ओटा हसला. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. "बघा, मारली लाथ." कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"लाथ मारली वो" हे पुढचं वाक्य आलं नाही. मला वाटलं, विसरली. मी थांबलो. मग तिच्या वाटणीचं ते वाक्य मीच बायकी आवाजात म्हटलं. पुन्हा हशा.

दाराजवळ बसलेली एक चष्मेवाली मुलगी हसत नव्हती. ती वाकून आत बघत होती. म्हणाली, "काका, त्या हलत नाहीयेत."

मी आत पळालो. सुमनची बोटं फ्रिजच्या मुठीवर आवळलेली, डोळे उघडे, सगळं अंग ताठ. मी जे करू नये तेच केलं, तिचा दंड धरून ओढलं. मी उडालो आणि चुलीवरच्या तापलेल्या तव्यावर कोपर टेकून पडलो. तेवढ्यात त्या मुलीनं ओट्यावरचं मेन बटण खाली ओढलं. सुमन जागच्या जागी खाली बसली, एखादं धुणं पिळून टाकावं तशी.

घटाला काही झालं नाही. पाटावर तो जसा होता तसा होता.

"किती वेळ?"

त्याच मंडळींच्या गाडीतून आम्हाला नेलं. आधी वेल्ह्याला, तिथून मार्गासनी, नसरापूर करत पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. वाटेत सुमन शुद्धीवर होती. तिनं एकच विचारलं, "तवा उतरवला का?" मी म्हटलं, "माझ्या कोपरानं उतरवला." ती हसली नाही.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सुमनच्या बोटांवर बाहेरून फार काही दिसत नव्हतं. पांढुरके, कडक पट्टे, कडेला थोडं काळं. माझं कोपर तिच्यापेक्षा भयंकर दिसत होतं, त्यामुळे मला वाटलं, वाचलो. त्यांनी विचारलं, "किती वेळ चिकटून होत्या?"

"लगेच सोडवलं, डॉक्टर."

त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या आयुष्यात मी खूप थापा मारल्यात, पण एवढी लहान थाप एवढी जड कधी झाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि माधुरीला बाजूला घेतलं. म्हणाल्या, विजेचं भाजणं वरून कळत नाही. वरची जखम लहान असते आणि आतलं जळत गेलेलं असतं. तीन बोटांत रक्त पोचत नाहीये. दोन-तीन दिवस वाट बघू. मग कागदाकडे बघत म्हणाल्या, "लगेच सुटल्या असत्या तर इतकं खोल गेलं नसतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. बघितलं माधुरीनं.

वॉर्ड

मी पुरुषांच्या वॉर्डात, सुमन वरच्या मजल्यावर बायकांच्या. मधे एक जिना, पण भेटीच्या वेळेशिवाय चढायची बंदी.

ज्यांना इथं पहिल्यांदा राहायचंय त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी सहाला नर्स ताप बघायला येते, जागे असलात तरी उठवते. चहा येतो, तो चहा आहे असं समजून प्यायचा. आणि मग ड्रेसिंगची गाडी. तिचं एक चाक कुरकुरतं. पहिल्या खाटेपाशी ते कुरकुरलं की शेवटच्या खाटेवरचा माणूस डोळे मिटून घेतो. जुनी पट्टी सुटताना आरडाओरडा करायची लाज वाटून घेऊ नका. आमच्याकडे एक दांडगे पैलवान होते, ते आईला हाका मारायचे. दुसऱ्या आठवड्यात माझ्या मांडीची कातडी काढून कोपराला लावली. त्या दिवसापासून मला मांडी कुठली आणि कोपर कुठलं ते कळेनासं झालं, असं मी वॉर्डात सांगत असे.

हो, तिथंही मी गोष्टी सांगायचो. बोलणं थांबलं की आतलं ऐकू यायचं, म्हणून बोलायचो. माणसं ड्रेसिंगची वेळ विसरायची. एक दिवस शेजारच्या खाटेवरचे आंबवड्याचे काका म्हणाले, "तुमी भाजला कसं, ते सांगा की." मी सवयीनं सुरुवात केली. प्लगची पिन, उंदीर, केळ, पाट. सगळे हसत होते. "सुमे, म्हशीखाली बस गं" इथपर्यंत आलो आणि पुढं तोंडच उघडेना. माणसं वाट बघत राहिली. काकांनी हळूच पांघरूण माझ्या खांद्यापर्यंत ओढलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. झोपा."

झाडू मारणाऱ्या एक मावशी होत्या. त्या रोज दुपारी कचऱ्याची गाडी घेऊन लिफ्टनं वर जायच्या आणि मला म्हणायच्या, "गाडी लई जड झालीया, जरा ढकलू लागा." गाडीत दोन कागद आणि एक केळ्याची साल असायची. अशी एका हातानं गाडी ढकलत मी बायकांच्या वॉर्डाच्या दारात पोचायचो आणि लांबून सुमनला बघायचो. दवाखान्यात देव असलाच तर तो खराटा घेऊन फिरतो.

सही

सहाव्या दिवशी बोटं काळी पडली. काढायची ठरली. तर्जनी, मधलं आणि त्याच्या शेजारचं.

माधुरीनं सांगितलं तिला. मी दारात उभा होतो, आत जायचा धीर झाला नाही. सुमननं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंगठा ऱ्हातोय न्हवं?"

"अंगठा आन करंगळी."

"मग पीठ मळता यील."

पण भाकरी थापायला बोटं लागतात. मधली तीनच.

कागदावर तिची संमती हवी होती. सुमन शाळेत गेली नव्हती. माधुरी चौथीत असताना तिनं लेकीकडून सही शिकून घेतली होती, आणि त्यानंतर कुठंही अंगठा द्यायला सांगितला की ती सांगायची, "सही येती मला." त्या दिवशीही नर्सनं शाईचं पॅड पुढं केलं तेव्हा ती म्हणाली, "सही येती मला." मग पट्टीत गुंडाळलेल्या उजव्या हाताकडं बघितलं. आणि डावा अंगठा पुढं केला.

मी जिना उतरून खाली आलो. खाली चहाच्या टपरीपाशी जाऊन उभा राहिलो. चहा घेतला नाही.

लेक

माधुरी रोज उत्रोलीहून यायची. एसटीनं भोर, भोरहून पुणे. आईला भरवायची, वेणी घालायची, पाठ पुसायची. माझा डबा माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवायची आणि न बोलता निघायची. सात-आठ दिवस मी त्या डब्याशीच बोललो.

मग एकदा मी तिला म्हटलं, "मधे, दोन शिव्या तरी दे."

ती म्हणाली, "शिव्या दिल्या तर तुमी त्याची बी गोष्ट करणार, आण्णा. लोकं हसणार."

माणसानं स्वतःच्या चुकांवर हसावं, त्यात मोठेपणा आहे, असं मी समजत आलो. पण हसल्यामुळं चूक दुरुस्त होत नाही, नुसती सवयीची होते. मी हसलो नसतो, नुसता घाबरलो असतो, तर मुंग्या आल्या त्याच पावसाळ्यात बाळूला हाक मारली असती.

मऊ गोळा

जखम भरत आल्यावर व्यायाम सुरू झाला. ताईंनी सुमनच्या हातात एक मऊ रबरी गोळा दिला. अंगठा आणि करंगळीत धरून दाबायचा.

सुमननं तो दाबून बघितला. "ह्यात मीठ न्हाई," ती म्हणाली. ताई हसल्या. भाजल्यापासून तिनं केलेली ती पहिली थट्टा. मी पलीकडं माझं कोपर वाकवत बसलो होतो. इतका आनंद झाला की मी लगेच एक विनोद जोडला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. गोळा दाबत राहिली.

नव्या पेशंटांना एवढंच सांगतो, व्यायाम टाळू नका. दुखतं म्हणून मी दोन दिवस चुकवले, तर कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. आता मी कायम कुणाला तरी नमस्कार करायच्या बेतात असल्यासारखा दिसतो. सुमननं एक दिवस चुकवला नाही. म्हणून तिची दोन बोटं आज कपबशी धरतात, लुगड्याचा पदर खोचतात. एवढं बरं होतं. एवढंच बरं होतं, हेही खरं सांगायला हवं.

तीन तास

पाच आठवड्यांनी घरी आलो. परसात केळ नव्हती. तिथं सिमेंटचं एक लहान झाकण आणि त्यातून वर आलेला पाईप. माधुरीनं बाळूला बोलावून सगळं करून घेतलं होतं. नवा बोर्ड, तीन भोकांचा. फ्रिजची आतली वायर बदललेली. विजेची गळती झाली की आपोआप पडणारं बटण मेनपाशी.

"कातळ कसा फोडलास?" मी बाळूला विचारलं.

"फोडला न्हाई. हातभर बाजूला घ्येतला खड्डा. तितं मातीच हाय."

"किती वेळ लागला रे?"

तो चपलेनं माती सारखी करत म्हणाला, "तीन तास, आण्णा. च्या धरून."

घरोघरी माझ्यासारखा एक तरी हुशार असतो, म्हणून हात जोडून सांगतो, कोपर तसंही जोडायच्याच बेतात आहे. फ्रिजला, मोटारीला, नळाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ती म्हैस नाही, वीज आहे. बटण गरम लागतंय, बोर्डातून जळका वास येतोय, दिवे उगाच लुकलुकतायत, तर त्याच दिवशी मेन बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. पिन कापू नका. पाट टाकू नका. पाट कधीतरी दुसऱ्या कामाला लागतोच. आणि कुणी चिकटलंच तर हातानं ओढू नका, आधी मेन खाली करा. ते त्या चष्मेवाल्या मुलीला ठाऊक होतं. तिचं नावही मी विचारलं नाही.

पहिली भाकरी

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन गोठ्यात गेली. मीही मागं गेलो. पाच आठवडे गाय शेजाऱ्यांकडं होती, ती आदल्या संध्याकाळी परत आणून बांधली होती. गोठ्याच्या फळीवर एक पातेलं पालथं होतं. सुमननं डाव्या हातानं ते उचललं.

रोज पहिली भाकरी गाईची, हा तिचा नेम. त्या गुरुवारचीही तिनं सकाळी काढून तिथं झाकून ठेवली होती, दुपारी घालीन म्हणून. थंडीनं ती वाळून पापडासारखी कडक झाली होती. भाकरीला वरून पाणी फिरवताना बोटांच्या रेघा उठतात, त्या तिच्यावर तशाच होत्या. जवळजवळ, सारख्या अंतरावर.

ती उभी राहून बघत होती. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगायचं नाही.

"सुमे," मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना मी खोटं सांगितलं. लगेच सोडवलं म्हणलो. तू वराडलीस तवा मी..."

"म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"हात सुटत न्हवता. तोंडातनं शबूद निघत न्हवता. पर कानाला समदं येत व्हतं." तिनं भाकरी गाईच्या पाण्याच्या बादलीत भिजायला टाकली. ती तरंगली, म्हणून अंगठ्यानं आणि करंगळीनं धरून खाली दाबली. "तुमी हासत व्हता. माझं वाक्य बी तुमीच म्हणला."

मी गोठ्याची मेढ धरली.

"मला वाटलं," ती भाकरी दाबत म्हणाली, "हासून झालं की येत्याल."